राक्षसाला अमीनसाहेबांचं तोंड

बेंबळीच्या बाजारात आमचं कुंकवाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. दोन्हींच्या मध्ये एक सुती पडदा, बाकी सगळं एकच. पुढं कुंकू, बुक्का, अष्टगंध, मेंदी, शिकेकाई. मागं चूल, अव्वाचं जातं आणि आप्पांचा काळ्या दगडाचा खल. पहाटे जातं सुरू व्हायचं आणि जातं थांबलं की खल. हिंगूळ खलताना घर्रघर्र असा लांबट आवाज यायचा, त्यात अव्वाचं कानडी पुटपुटणं मिसळलेलं. अव्वा, म्हणजे माझी आई, कानडी मुलखातली, आळंदकडची. तिला मराठी येत होतं, पण राग आणि देव या दोन गोष्टींसाठी ती कानडीच वापरायची. घरात कायम काहीतरी उडत असे. आमच्या भाकरीला पिवळसर झाक यायची, आणि पाहुणे विचारायचे, भाकरीत हळद घालता का? अव्वा सांगायची, "घालत न्हाय, पडती."

आप्पा गावाच्या जत्रेतल्या खेळाला रंग लावायचे. हे काम त्यांच्याकडं कसं आलं कुणास ठाऊक. रंग आमच्या दुकानात होता म्हणून आलं असणार. पांढरा सफेदा, पिवळी पिवडी, लाल हिंगूळ आणि काजळ खोबरेलात मळायचं आणि शेतकऱ्याचा राजा, सुताराची राणी करून द्यायची. स्वतः ते कधी खेळात उभे राहिले नाहीत. चार लोकांपुढं बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. हिंगूळ हे विष आहे, हे मला पुढं पुष्कळ वर्षांनी एका स्टुडिओतल्या डॉक्टरानं सांगितलं. तोवर मी ते ओठांना लावून बघत आले होते. डॉक्टर म्हणाला, तुम्ही जिवंत कशा? मी म्हटलं, भाकरीत हळद पडायची.

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले. ते म्हणायचे, हल्ली उजेडच कमी पडतोय. आम्ही त्यावर काही बोलत नसू. एकदा त्यांनी एका बाईला बुक्का म्हणून काजळी बांधून दिली. बाई देवभोळी होती, तिनं ती देवाला लावली, आणि देवाकडून काही तक्रार आली नाही. पण पिवडीऐवजी सफेदा बोटाला लागायला लागला तेव्हा रंगाच्या वेळी त्यांनी मला शेजारी बसवलं. पहिल्या वर्षी मी नुसती वाटी धरली. दुसऱ्या वर्षी वाटी त्यांनी धरली. पडद्यामागं गावातले बाप्ये आणि त्यांच्यात मी, म्हणून अव्वा आमच्याकडं पाठ करून ज्वारी निवडत बसायची. रंग आप्पा लावतात असंच गाव धरून चालायचं आणि आम्हीही.

पुढं सिनेमात आले तेव्हा या गोष्टीची सवय कामाला आली. बाईनं केस करायचे, तोंड पुरुषानं रंगवायचं, असा तेव्हाचा नियम होता. माझ्या युनियनच्या कार्डावर केशभूषा लिहिलेलं होतं. तोंडं मी रंगवायची आणि पडद्यावर नाव एका सज्जन गृहस्थांचं यायचं. ते बिचारे दर वेळी माझी क्षमा मागायचे आणि मग चहा मागायचे. शेवटी टीव्ही केंद्रात मला खोली मिळाली, दारावर 'रंगभूषा विभागप्रमुख' अशी पाटी आणि हाताखाली माणसं. मंत्री यायचे ते म्हणायचे, मला पावडर नको. आणि लावली की आरशापुढून उठायचे नाहीत. नव्या मुली विचारायच्या, ताई, तुम्ही कोर्स कुठं केला? बेंबळीला, असं सांगितलं की त्या वहीत लिहून घ्यायच्या.

तर वाटी आप्पांनी धरली त्या वर्षीची गोष्ट. निजामाचं राज्य होतं, चार माणसं एका जागी बसायची तरी परवानगी लागायची, आणि जत्रेच्या खेळाला परवानगी मिळाली ती एका अटीवर: दिवस मावळायच्या आत खेळ संपला पाहिजे. म्हणजे गॅसबत्त्यांच्या उजेडात व्हायचा तो खेळ उन्हात करायचा. खेळ आमच्या शाळेच्या मास्तरांनी लिहिलेला. त्यातला राक्षस कुठल्याच पुराणात नव्हता. पुराणातला घेतला की ठाण्यात विचारायचे, हा कोण, आणि याला मारणारा कोण. म्हणून मास्तरांनी तो स्वतः जन्माला घातला होता. राक्षसाचं काम धोंडिबा हाटकराकडं. मेंढरं हाकून हाकून त्याचा आवाज असा झाला होता की त्यानं घरात बायकोला पाणी मागितलं तरी दोन वाड्यांना कळायचं.

आप्पांचा रंग बत्तीसाठी होता, जाड आणि भडक. उन्हात तो लावून बघितला तर धोंडिबा पोळ्याच्या बैलासारखा दिसायला लागला. मी तो पुसला आणि पातळ हात दिला. मग दाढी. शेळीच्या केसांची जुनी काळी दाढी होती, तिच्यात उंदरांनी पिल्लं घातली होती. अंबाडीच्या वाखाची नवी केली. ती काजळानं काळी केली असती तर उन्हात काजळ वितळून सगळं अंगरख्यावर आलं असतं, म्हणून मेंदीत बुडवली. ती लाल झाली. भुवया जुळलेल्या काढल्या, कारण राक्षसाच्या जुळलेल्याच असतात. नाकाशेजारी एक मस दिला, कारण मसाशिवाय राक्षस फार सभ्य दिसत होता. यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर कुणालाही पटेल अशी होती. सगळ्या एका जागी आल्यावर मी दोन पावलं मागं सरले. समोर आमच्या ठाण्याचे अमीनसाहेब बसले होते.

अमीनसाहेब म्हणजे पोलिसांचे वरचे अंमलदार. बदलून नवीनच आले होते, आणि दाढीला मेंदी लावायचे. मेंदी दुसऱ्या कुणाकडून न मागवता स्वतः घोड्यावरून उतरून दुकानात यायचे, चिमूटभर हातात चोळून हुंगायचे आणि विचारायचे, "ताजी है ना?" ती तोलून द्यायला मीच असायची. डोळ्यानं जे तोंड जवळून बघितलं होतं ते हातानं काढून ठेवलं होतं, मला न विचारता. मी अव्वाला खुणावलं. तिनं मान वळवली, धोंडिबाकडं बघितलं आणि म्हणाली, "सुम्न कूडु." म्हणजे गप्प बस. मस तरी पुसावा म्हणून मी पदर ओला केला, तोवर ढोलकी वाजली आणि धोंडिबा उठून गेलासुद्धा.

राक्षस पडद्याबाहेर पडला आणि मंडप एकदम शांत झाला. अमीनसाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. कुणी हसलं नाही. हसायची कुणाची टाप नव्हती. पण मंडपाच्या कडेला बंदोबस्ताला उभा असलेला जवान उन्हानं पेंगुळला होता. त्यानं डोळे उघडले, समोर लाल दाढी बघितली आणि टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. मग मात्र कुणाचा इलाज चालला नाही. लोक एकमेकांच्या पाठीवर पडून हसले. धोंडिबाला वाटलं आपलं काम रंगलं. त्यानं आणखी छाती काढली. शेवटी राक्षस मेला तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की मास्तर पडद्यामागं रडायला लागले. आनंदानं की भीतीनं, हे त्यांनी सांगितलं नाही.

अमीनसाहेब पूर्ण खेळ हलले नाहीत. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "रंग कौन लगाए जी?" सगळ्या गावानं आप्पांकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सलाम ठोकणारा जवान दुकानात आला. आप्पांना ठाण्यात बोलावलं होतं. आप्पांनी धुतलेला पटका बांधला, अव्वानं फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, आणि आप्पांनी ती काखेत अशी धरली जशी वर्षभराची सोय आहे. रस्ता दिसत नाही म्हणून त्यांचा हात धरून मी निघाले. वाटेत ते म्हणाले, "तू काय बोलू नकोस. रंग म्या लावला." मी म्हटलं, "तुम्हाला दिसत न्हाय, आप्पा." "त्यास्नी काय ठावं?" असं म्हणत ते ठाण्याच्या पायरीला अडखळले आणि जवानाच्या अंगावर पडले.

अमीनसाहेबांनी ते बघितलं. आप्पांच्या तोंडासमोर हात हलवला. आप्पा भलतीकडंच बघून हात जोडून उभे होते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आप्पा खोटं बोलून आत जाणार हे दिसत होतं, तेव्हा मी म्हटलं, "रंग म्या लावला. मुद्दाम न्हाय लावला. हात गेला."

"तू?" साहेबांनी विचारलं. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "मेरा मुँह उस धनगर पे बिठाए ना तुम? बराबर बिठाए. अब मेरी बच्ची का मुँह उसीच पे बिठाओ."

त्यांचं बिऱ्हाड ठाण्याच्या मागंच होतं. साहेबांना एकच मुलगी, रुकय्या, माझ्याच वयाची. लहानपणी उकळतं दूध अंगावर सांडून तिचा डावा गाल कानापर्यंत भाजलेला. आधी दोन ठिकाणची माणसं बघून गेली होती आणि परत आली नव्हती. आता नळदुर्गहून मुलाकडच्या बायका यायच्या होत्या. पडद्याच्या घरात पुरुष रंगारी चालणार नव्हता. मी चालणार होते. माझ्यासोबत अव्वा. आणि आप्पांनी रोज सकाळी ठाण्यात येऊन बसायचं, काम होईपर्यंत. ते कैदी होते की पाहुणे, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. जवान त्यांना चहा द्यायचे आणि आपल्या बायकोच्या डोकेदुखीवर औषध विचारायचे. आप्पा सगळ्यांना सुंठ सांगायचे.

पहिल्या दिवशी मी रुकय्याच्या गालाला रंग लावला आणि तिनं आरशात बघून विचारलं, "चूना मारे क्या दीवार को?" ती खोटं बोलत नव्हती. मंडपातून जे तोंड दिसतं ते वीस हातांवरून. इथं बघणारी बाई हनुवटी धरून बघणार होती. भाजलेली कातडी खोलगट आणि चकचकीत. रंग तिच्यावर थांबायचाच नाही. पिवडी वाढवली की कावीळ दिसायची, हिंगूळ वाढवला की थप्पड बसल्यासारखी. रोज मी लावायची, रोज ती हसायची, आणि रोज पुसताना तिची आई, अम्मीजान, दुसऱ्या खोलीत निघून जायची. ठाण्यातून आप्पांचा आवाज ऐकू यायचा, कुणाला तरी सुंठ सांगत असलेला, आणि मला वाटायचं, हे जमलं नाही तर चहा बंद होईल आणि दार लावून घेतील. असं साहेब म्हणाले नव्हते. पण ठाण्यात न म्हटलेल्या गोष्टीच जास्त ऐकू येतात.

अव्वा त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. आम्ही लिंगायत, घरून तांब्या आणि भाकरी न्यायचो. अम्मीजानना ते समजत होतं, त्या रागावल्या नाहीत. त्या समोर बसून आंबट दाळ आणि बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, जेवायच्या, अव्वा अंबाडीची भाजी जेवायची, आणि दोघी एकमेकींच्या ताटाकडं बघायच्या. एकीची कानडी वळणाची मराठी, एकीची दखनी. काही दिवसांनी अम्मीजाननी लोणच्याची बरणी मध्ये सरकवली. अव्वानं तिच्याकडं देवाकडं बघावं तसं बघितलं, शिवाचं नाव घेतलं आणि एक फोड उचलली. त्यानंतर दोघी लोणच्यावर तासन्‌तास बोलायच्या. काय बोलायच्या ते त्यांनाही माहीत नसावं, पण आमच्या घरच्या लोणच्यात त्यानंतर लसूण आला.

शेवटी जमलं ते मेणानं. मधमाशीचं मेण खोबरेलात विरघळवून त्याचा पातळ हात आधी द्यायचा, कातडीची चकाकी घालवायची, मग रंग बोटानं न चोळता ठोकत ठोकत बसवायचा. आणि नुसत्या डाव्या गालाला नाही, उजव्यालाही. दोन्ही गाल सारखे खोटे झाले की डोळ्याला खोटं दिसत नाही. हे मी पुढं आयुष्यभर केलं. नट्या भांडायच्या, डाग इकडं आहे, तुम्ही तिकडं काय लावता? मी म्हणायची, शेजार सारखा करतेय.

त्या दिवशी रुकय्यानं आरशात बघितलं आणि हसली नाही. मग म्हणाली, "और शादी के बाद? तुम आते क्या रोज मेरे साथ?"

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. ते बाजेवर बसून पायाचा काटा चाचपत होते. म्हणाले, "मग तिलाच शिकीव की."

"आपली विद्या हाय ती, आप्पा."

"कसली विद्या? पिवडी म्हंजे माती, सफेदा म्हंजे राख. शिकीव."

मग मी शिकवलं. रुकय्याचा हात सुरुवातीला जड होता, पण ती चिवट होती. बायका यायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः लावलं आणि मला शोधायला सांगितलं की भाजलेलं कुठं आहे. मला माहीत होतं म्हणून सापडलं.

नळदुर्गहून मुलाची आई आणि मावशी आल्या. आई अंगानं भारी, दमेकरी, हातात वाऱ्याला विंझणा. मी आणि अव्वा आतल्या दाराच्या पडद्यामागं. त्या बाईनं रुकय्याला चालायला लावलं, वाचायला लावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं दोन्ही बाजूंनी फिरवलं. मग विंझणा खाली ठेवला आणि म्हणाली, "माशाल्ला." अम्मीजानच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवयांची ताटली पुढं आली. आणि रुकय्यानं ओढणीचं टोक कोनाड्यातल्या खोबरेलाच्या वाटीत बुडवून डावा गाल पुसून टाकला.

अव्वानं माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. अम्मीजान भिंतीला टेकल्या. मावशी उठून उभी राहिली. मुलाची आई मात्र बसूनच होती, तिला उठायला वेळ लागायचा. तिनं विचारलं, "ये क्या है?"

"ये मैं हूँ," रुकय्या म्हणाली. "वो बी मैंच थी. ये बेंबळी की छोकरी सिखाई, मैं खुद लगाती. बाद में मालूम होके तुम रोते, उससे अब्बीच देख लेव."

ती बाई त्या गालाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "फिर लगाओ. मेरे सामने."

रुकय्यानं कोनाड्यातून रंगाची डबी काढून उघडली. पहिला हात बिघडला, तिनं तो पुसला आणि परत मेणापासून सुरुवात केली. बाईनं हळूहळू आपलं आसन पुढं सरकवलं, सरकवत सरकवत गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. सगळं झाल्यावर तिनं गालाजवळ डोळे नेऊन बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "चेचक के दागाँ पे चलता क्या ये?"

तिच्या घरी देवीच्या व्रणांची एक मुलगी होती. तीन वर्षांपासून कुणासमोर आली नव्हती.

लग्न ठरलं. माणुसकीनं ठरलं की मेणानं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्हींचा थोडा थोडा हात असावा. आप्पांची हजेरी संपली. जवानांना त्यांचं जाणं आवडलं नाही. पुढं दोन-तीन वर्षांत दिवस फार वाईट आले. आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागली, आधी आमच्यासारख्यांची, मग साहेबांसारख्यांची. आम्ही जीव मुठीत धरून निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला गेलो, आणि तिथंच एका नाटक कंपनीत मला काम लागलं. अमीनसाहेबांचं बिऱ्हाड हैदराबादेकडं गेलं असं कळलं, त्यापुढं काही कळलं नाही. नळदुर्गला मी नंतर गेले होते. त्या घरात दुसरी माणसं राहत होती.

पण लग्न झालं तेव्हा हे काही आलेलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी मला नवरीला रंग लावायला बोलावलं. मी सगळ्या डब्या घेऊन गेले, तर रुकय्या म्हणाली, "नक्को. आज मैं खुद." तेव्हा मी आरसा धरून बसले. हातात रंग नसताना काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. अमीनसाहेब दारात भेटले. नवी मेंदी लावलेली दाढी होती. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दाढी अच्छी बनी थी. मस्सा जरा बडा हो गया था."

संध्याकाळी घरी परतताना आप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी विचारलं, "कशी दिसत हुती?"

मी सांगितलं. नवरीचा हिरवा पोशाख, कपाळावर सोन्याची चकती, गाल कसे दिसत होते ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पिवडी जास्त झाली असंल."

"जरा झाली हुती."

"सांगितलं न्हाईस?"

"न्हाय."

"बरं केलंस." मग म्हणाले, "येत्या जत्रंला रंग तू लाव. इचारलं कुणी तर तुजंच नाव सांगायचं."

"आन्‌ तुम्ही काय करनार?"

"म्या म्होरं बसून खेळ बघनार," आप्पा म्हणाले. "एवढी वर्सं झाली, पडद्याम्होरनं एकबी बघितला न्हाय."

त्या जत्रेला ते खरंच बसले. धुतलेला पटका बांधून, पहिल्या रांगेत, अगदी शेवटपर्यंत.